लालबागचं भारतमाता की मॉलमधला मल्टिप्लेक्स?

आमच्या चाळीतून भारतमाता चित्रपटगृह पायी गाठता यायचं. बाबा गिरणीत होते. पहिली पाळी सुटली की घरी येऊन, आंघोळ करून ते आम्हाला सहाच्या खेळाला न्यायचे. मराठी सिनेमा म्हटलं की भारतमाता, हे गिरणगावात ठरलेलंच. मध्यंतरातला गरम वडा, शिट्ट्या, आणि नायिकेच्या दुःखाला मागच्या रांगेतून आलेला एखाद्या मावशीचा हुंदका. रडायलाही सोबत असायची.

मल्टिप्लेक्समध्ये आवाज उत्तम, खुर्ची ऐसपैस, स्वच्छतागृहं स्वच्छ. आईचे गुडघे दुखतात, तिच्यासाठी लिफ्ट लागतेच. हे मी मनापासून मान्य करते. पण चौघांचं तिकीट आणि पॉपकॉर्न म्हणजे आठवड्याचा भाजीपाला. शिवाय मराठी सिनेमाला बहुतेकदा अडनिडी वेळ, दुपारी बाराची, म्हणजे नोकरदाराने जायचं कधी?

एकपडदा चित्रपटगृहं नुसती जुनी झाली म्हणून मागे पडली नाहीत. 1982 च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, आणि आमच्या भागात तरी तिकीट काढणारा माणूसच विरारकडे, कल्याणकडे गेला. पुढे व्हिडिओ आला, केबल आली. 2001 च्या सुमारास राज्याने नव्या मल्टिप्लेक्सना करमणूक करात सवलत दिली. जुन्या थिएटरांना मोठ्या सभागृहाचा खर्च झेपेना. लोअर परळला तर फिनिक्स मिलच्याच आवारात मॉल आणि मल्टिप्लेक्स उभं राहिलं.

आईला घेऊन मी मॉलमध्ये जाते. मराठी सिनेमा भारतमाताला लागला, तर मात्र तिथेच.