मेंदूच्या व्यायामाचं ॲप, आईसाठी घेतलेलं (५ पैकी अडीच स्टार)

ॲपचं नाव लिहीत नाहीये, कारण या जातीची बरीच ॲप्स आईच्या फोनवर टाकून बघून झालीयेत आणि आतला माल सगळीकडे तोच, रंग आणि टिंगटाँग आवाज तेवढे वेगळे. रोज दहापंधरा मिनिटं छोटे छोटे गेम, मग स्कोअर, मग ग्राफ, आणि शेवटी "तुमच्या मेंदूचं वय ५८". आई ७१ ची आहे, त्यामुळे त्या संध्याकाळी घरात एकदम खेळीमेळीचं वातावरण.

घ्यायचं कारण सांगते. मावशीला डिमेन्शिया (विसरत जाण्याचा आजार) निघाला आणि तेव्हापासून आईला कुणाचं आडनाव पटकन आठवलं नाही तरी धस्स होतं. त्यात फेसबुकवर जाहिरात, स्मरणशक्ती वाढवा वगैरे. भाऊ म्हणाला वर्षाचं घेऊनच टाकू, मी म्हटलं घे, पण मी आत काय आहे ते बघणार, कारण माझं बीए सायकॉलॉजीत झालंय आणि पहिल्याच दिवशी मला ते गेम ओळखीचे वाटले. वाटणारच, आमच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये होते ना ते! माणूस माहिती कशी घेतो, डोक्यात कशी धरून ठेवतो, लक्ष कुठे अडखळतं हे मोजायला कॉग्निटिव्ह सायकॉलॉजीवाल्यांनी जे प्रयोग केले तेच इथे मासे नि फुगे लावून गेम म्हणून दिलेत. मधला मासा कुठे तोंड करून आहे ते सांगा, आजूबाजूचे फसवणार, हा एरिक्सन नवरा-बायकोचा १९७४ चा प्रयोग. तिथे अक्षरं होती, इथे मासे.

सगळ्यात मजा रंगांच्या गेमची. इंग्लिशमध्ये "रेड" लिहिलेलं असतं पण निळ्या रंगात, आणि तुम्ही शब्द सोडून रंग ओळखायचा. हा स्ट्रूप नावाच्या अमेरिकन सायकॉलॉजिस्टचा १९३५ चा प्रयोग. नुसत्या रंगीत चौकोनांचे शंभर रंग सांगायला लोकांना सरासरी ६३ सेकंद लागले आणि भलत्याच रंगात लिहिलेल्या शंभर शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०, कारण वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की शब्दावर डोळा पडला की तो वाचून झालेलाच असतो, नको म्हटलं तरी. तर या गेममध्ये आईने मला सरळ हरवलं. पुन्हा खेळलो, पुन्हा हरवलं. ॲप म्हणे तुमची एकाग्रता उत्तम! मला शंका आली म्हणून भाचीची स्केचपेनं घेतली आणि कागदावर लाल हिरव्याने, निळा पिवळ्याने, काळा लालने असं मराठीत लिहून दिलं. "लाल... नाही गं, हिरवा... थांब जरा, निळा... अगं काय हे!" आई जन्मभर मराठी शाळेत शिकवत होती, मराठी तिला न वाचणं शक्यच नाही, आणि इंग्लिश ती वाचते पण सावकाश, म्हणून तिकडचे शब्द तिला त्रासच देत नव्हते. आता यातून मेंदूचं वय काय काढणार डोंबल? ॲपमध्ये मराठी नाहीये, एक स्टार तिथेच गेला.

आकडे लक्षात ठेवायच्या गेमचंही तसंच. सुरुवातीला आई सहा-सात आकड्यांवर अडकायची, जे अगदी नॉर्मल आहे, जॉर्ज मिलर या सायकॉलॉजिस्टने १९५६ मध्येच सांगून ठेवलंय की एका वेळी डोक्यात सात अधिक-उणे दोन गोष्टी राहतात. मग तिचा स्कोअर चढायला लागला. कसं काय विचारलं तर म्हणते, "१९७२ आलं की दुष्काळ म्हणून ठेवते, ८१ आलं की नव्वे नवे." म्हणजे सुटे आकडे न धरता गठ्ठे करते. अमेरिकेत एका कॉलेजच्या पोराने हेच केलं होतं, एरिक्सन आणि चेस यांचा १९८० चा अभ्यास आहे (हा एरिक्सन वेगळा). पोरगा पळणारा होता, आकड्यांना शर्यतीच्या वेळा समजून लक्षात ठेवायचा, २३० तासांच्या सरावात सातावरून ७९ आकड्यांवर गेला. नंतर आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर गडी पुन्हा सहावर! स्मरणशक्ती होती तेवढीच होती, आकड्यांची युक्ती जमली होती. आईचंही चित्रांच्या गेममध्ये जैसे थे आहे, आणि इस्त्रीला कपडे दिलेत की नाही हे अजून मलाच विचारते.

२०१० मध्ये बीबीसीच्या मदतीने ११,४३० लोकांना सहा आठवडे असे गेम खेळायला लावले होते, 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात आलंय ते. जे खेळले त्यात सुधारले, बाकी चाचण्यांत काही खास नाही, अगदी त्या गेमशी मिळत्याजुळत्या चाचण्यांतसुद्धा. आणि २०१६ मध्ये ल्युमॉसिटी या अशाच प्रसिद्ध ॲपच्या कंपनीला जाहिरातीतल्या दाव्यांवरून अमेरिकेच्या एफटीसीला (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) २० लाख डॉलर द्यावे लागले, म्हातारपणीचा विसराळूपणा लांबणीवर टाकू वगैरे म्हणत होते आणि पुरावा पुरेसा नव्हता. हे सगळं झाल्यावरही आपल्याकडे त्याच थाटाच्या जाहिराती चालूच. एक मात्र कबूल, नजरेचा वेग वाढवायच्या एका प्रकाराबद्दल तिकडच्या ६५ वरच्या लोकांवरच्या मोठ्या अभ्यासातून थोडी आशा दिसलीये, पण वाद आहे त्यावर, आणि आमच्या ॲपमध्ये तो गेम नाहीच.

मग अडीच स्टार तरी कशाला? कारण आईला आवडतं. दुपारी सिरीयलऐवजी हे खेळते, भाचीशी पैज लावते, अक्षरं मोठी आहेत, मध्ये जाहिराती येत नाहीत. गेम म्हणून पैसे वसूल. पण विसरण्याची खरीच काळजी वाटत असेल तर डॉक्टरकडे न्या, बी१२ आणि थायरॉइड तपासा, कान तपासा, स्कोअर बघून निश्चिंत होऊ नका आणि घाबरूही नका. आईचा एक दिवस स्कोअर पडला तर रात्रभर झोप नाही, नंतर कळलं चष्मा दुसराच लावला होता.

घ्यायचंच असेल तर आधी फ्रीवालं महिनाभर खेळू दे, पेड व्हर्जनमध्ये फक्त गेम जास्त आहेत. आणि ऑटो रिन्यूअल लगेच बंद करा, ॲप डिलीट केलं म्हणजे सबस्क्रिप्शन बंद होत नाही, प्ले स्टोअरमध्ये प्रोफाईलवर जाऊन पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्समधून कॅन्सल करावं लागतं. पैसे कापायच्या २४ तास आधी मेसेज येतो पण तो आईवडिलांच्या फोनवर येतो, आणि त्यांच्या फोनवर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली काय काय गाडलेलं असतं ते तुम्हाला माहितीये.