रॉक्सरसाठी ट्रेलर, ट्रेलरसाठी पिकअप

आमच्याकडे महिंद्राची रॉक्सर आहे. थारची धाकटी बहीणच म्हणा. २०१८ साली महिंद्राने ती अमेरिकेत आणली आणि जोडणी इथे मिशिगनमध्ये, ऑबर्न हिल्सला केली. २.५ लिटरचं डिझेल इंजिन, ६२ हॉर्सपॉवर, पाच गिअर, पुढे-मागे कमानपाटे. मी मूळचा नाशिकचा, त्यामुळे वापरलेली एक चांगल्या भावात दिसली तेव्हा माझा तोल गेला. पण ती विकली गेली ऑफ-रोड वाहन म्हणून. घरापासून जंगलातल्या वाटेपर्यंत तिला ट्रेलरवर चढवूनच न्यावं लागतं. त्यासाठी घेतलेल्या दोन वस्तूंबद्दल हे लिहितोय: २०१९ ची वापरलेली फोर्ड एफ-१५० पिकअप आणि १८ फुटांचा उघडा कार ट्रेलर.

इथे बहुतेक जण आधी ट्रक घेतात आणि मग त्याच्यामागे काय लावता येईल ते बघतात. माझं मत उलटं आहे. आधी गाडीचं वजन, मग ट्रेलर, मग ट्रक. ट्रकच्या शोरूममध्ये पाय ठेवण्याआधी आपल्या हातात एक आकडा असला पाहिजे, नाहीतर सेल्समन त्याचा आकडा आपल्या गळ्यात मारतो.

रॉक्सर भरते ३,०३५ पौंड, म्हणजे पावणेचौदाशे किलोच्या आसपास. या वजनाला दोन एक्सलचा, ७,००० पौंडांचा ट्रेलर पुरतो. हे ७,००० म्हणजे ट्रेलर आणि त्यावरचा माल मिळून. प्रत्येकी ३,५०० पौंडांचे दोन एक्सल, म्हणून ७,०००. माझा लोखंडी ट्रेलर रिकामा २,०५० भरतो, म्हणजे वर ठेवायला जेमतेम ४,९५० उरतात. इलेक्ट्रिक गाडी किंवा मोठी एसयूव्ही न्यायचा विचार असेल तर इथेच थांबा आणि १०,००० पौंडवाला बघा. जाहिरातीत ‘सात हजार’ वाचून टेस्ला चढवायला निघालेले लोक मी पाहिलेत. अ‍ॅल्युमिनियमचा ट्रेलर बराच हलका असतो आणि मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यावर ओततात त्या मिठाने गंजत नाही. पण मला मिळालेली त्याची किंमत लोखंडी ट्रेलरच्या जवळजवळ दुप्पट होती. बंद पेटीचा ट्रेलर मी विचारातच घेतला नाही. रॉक्सर चिखलात लोळून येते, तिला छप्पर कशाला?

लांबी १८ फूट घेतली ती मुद्दाम. रॉक्सर सव्वाबारा फुटांच्या वर थोडीशी. उरलेल्या जागेचा उपयोग ती पुढे-मागे सरकवून वजन साधायला होतो, आणि सगळा खेळ तिथेच आहे. ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार हिचच्या बॉलवर, म्हणजे ट्रकमागच्या ज्या गोळ्यावर ट्रेलर अडकतो त्याच्यावर, यायला हवा. त्याला इथे टंग वेट म्हणतात. तो कमी पडला की हायवेवर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. असं झालं तर ट्रकचा ब्रेक दाबायचा नाही. अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावायचे. पण तिथवर वेळ येऊ देऊ नये हे बरं. मी गाडी तोंड पुढे करून चढवतो, जागा ठरली की डेकवर रंगाने खूण, आणि पुढच्या वेळेपासून चाक त्या खुणेवर.

डेक लाकडी आहे, दाबाखाली औषध मुरवलेल्या पाइनच्या फळ्यांचा. मागचा दोन-तीन फुटांचा भाग खाली उतरता, त्यामुळे रॅम्पचा चढ सौम्य होतो. रॉक्सरला त्याची गरज नाही, ती भिंतीवरही चढेल. गरज लागली ती मित्राच्या जुन्या माझदा मियाटाला. त्याला क्लार्कस्टनजवळच्या वॉटरफर्ड हिल्सच्या ट्रॅकवर गाडी पळवायची होती. मियाटा इतकी बुटकी की उतार असूनही रॅम्पखाली फळ्या सारल्या तेव्हा कुठे बंपर वाचला. चढली, पण दार उघडेना, कारण ट्रेलरचा मडगार्ड आडवा आला. छत कापडी होतं म्हणून ते खाली करून मित्र वरून बाहेर पडला. बंद छताची बुटकी गाडी नेणार असाल तर निघणारा मडगार्ड मागून घ्या, वरचे पैसे खुशाल द्या. रॉक्सरला मुळात दारंच नाहीत.

आता ट्रेलरची रड. बनवणाऱ्याचं नाव घेत नाही, कारण या किमतीतले बरेचसे असेच निघतात असं ऐकतो. वेल्डिंग उत्तम, चौकट सरळ, आणि वायरिंग दिवाळीच्या माळेसारखं. डेकखालून वायर नुसत्या क्लिपांवर लोंबत होती आणि पहिल्याच पावसाळी फेरीत उजवा टेललाइट गेला. मी सगळं उपटून नळीतून नवीन वायर ओढली. स्टेपनी सोबत मिळाली नाही, तिचे वेगळे पैसे. टायर मात्र नीट बघून घ्या. ट्रेलरच्या टायरवर ‘एसटी’ (स्पेशल ट्रेलर) लिहिलेलं असतं आणि त्यातल्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते. मागून ट्रकवाले कितीही हॉर्न वाजवोत, मी साठाच्या वर जात नाही.

गाडी बांधण्यात कंजुषी नको. धंद्यासाठी गाड्या वाहणाऱ्यांना इथल्या केंद्र सरकारचा नियम आहे: गाडी पुढून आणि मागून दोन्हीकडे बांधलेली, किमान दोन बांधण्या, आणि पहिल्या ५० मैलांच्या आत थांबून तपासणी. आपण धंदेवाले नसलो तरी नियम शहाणपणाचा आहे. रॉक्सरचे दोन्ही एक्सल सलग दांड्याचे, त्यामुळे पट्टा थेट एक्सलला गुंडाळता येतो. मियाटासारख्या गाडीला चाकावरून जाणारे पट्टे बरे. मागचे दोन पट्टे मी एकमेकांना छेद देऊन बांधतो, म्हणजे गाडी बाजूला सरकत नाही.

मग ट्रक. सेल्समनने सुरुवात केली ती ‘सर, ही तेरा हजार दोनशे ओढते’ इथून. खोटं नाही बोलला. ३.५ लिटर इकोबूस्ट इंजिनाच्या त्या वर्षीच्या एफ-१५० चा कमाल आकडा १३,२०० पौंडच आहे, फक्त तो नेमक्या जोडणीत आणि कमाल टोइंग पॅकेजसकट मिळतो. हे आकडे ठरवायची एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेची ‘जे२८०७’ नावाची चाचणी आहे. अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमजवळ साडेअकरा मैलांच्या आसपासचा चढ, कडक ऊन, एसी पूर्ण चालू, आणि तरी वेग ठरलेल्या मर्यादेखाली जाता कामा नये. चाचणी कडक आहे, मला आवडते. पण त्या चढावर माझं कुटुंब, तंबू आणि आइसबॉक्स नसतात.

म्हणून मी त्याला म्हटलं, ‘ड्रायव्हरचं दार उघडा.’ दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्या एका गाडीपुरतं त्यावर छापलेलं असतं. टंग वेटही याच खात्यात पडतं. आमचा जमाखर्च असा: ट्रेलर, रॉक्सर आणि ट्रेलरवरचं किरकोळ सामान मिळून ५,३०० च्या थोडं वर, त्यातले साडेसहाशे बॉलवर. घरचे चौघे ५२०. हिच ९०. मागच्या बेडमधला तंबू, डिझेलचे कॅन, हत्यारं, बायकोचा आइसबॉक्स असं सगळं २५०. बेरीज १,५१०. सेल्समन दाखवत होता त्या काचेच्या छताच्या, चामडी सीटच्या गाडीवर लिहिलं होतं १,३८०. शेजारच्या एक्सएलटी या साध्या मॉडेलवर १,६९०. इंजिन तेच. सजावटीचं वजन आपल्याच वाट्यातून जातं. ओढण्याच्या आकड्यापैकी निम्मासुद्धा मी वापरत नाही, आणि तरी महागडी गाडी माझ्या कामाची नव्हती. सेल्समनचा चेहरा पडला, कारण एक्सएलटीवर त्याला कमी मिळणार होतं.

गाडीखाली वाकून रिसिव्हरवरचा, म्हणजे हिच ज्या खोबणीत बसते तिच्यावरचा, दुसरा स्टिकरही वाचा. या पिढीच्या एफ-१५० वर साध्या बॉलने ५,००० पौंड ट्रेलर आणि ५०० पौंड टंग वेट, एवढीच परवानगी आहे. त्यापुढे वजन विभागणारी हिच लावावी लागते. तिच्या दोन दांड्या मागच्या चाकांवरचा भार उचलून पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरवर वाटतात. आम्ही ५,००० च्या जरा वर, म्हणून ती घेतली. जोडायला दहा मिनिटं जास्त लागतात, पण ट्रकचं नाक वर उचललं जात नाही आणि स्टिअरिंग हलकं पडत नाही. ब्रेक कंट्रोलर गाडीत आधीपासून बसवलेला मिळाला तर सोन्याहून पिवळं.

ट्रकची चाल? ३७५ हॉर्सपॉवर आणि १० गिअर, या वजनाला भरपूर. ड्रमंड आयलंडला गेलो तेव्हा मॅकिनॉ पुलावर वारा होता. पाच मैलांचा पूल, आतल्या लेनला लोखंडी जाळी. मी बाहेरच्या डांबरी लेनने गेलो आणि ट्रेलर रेषेत राहिला. पेट्रोल मात्र ढोसते. मोकळी असताना गॅलनला १९ मैल देणारी गाडी ट्रेलर लावला की १० वर येते. मोठे डिझेल ट्रकही चालवून पाहिले. रोज ऑफिसला नेण्याइतके ते मला मऊ वाटले नाहीत. दोन गाड्या किंवा बंद ट्रेलर ओढणाऱ्याने ते घ्यावेत.

हिशेब कागदावर राहू नये म्हणून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर गेलो. ट्रकचे पुढचे एक्सल, मागचे एक्सल आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं छापून मिळतं, पंधरा डॉलरच्या आत-बाहेर. आमची कागदावरची बेरीज आणि ती पावती यांत फार फरक निघाला नाही.

वर्षातून एकदाच गाडी हलवायची असेल तर यातलं काहीच विकत घेऊ नका. यू-हॉल या भाड्याने वाहनं देणाऱ्या कंपनीचा गाडी वाहायचा ट्रेलर मिळतो. स्वतःचं वजन २,२१० पौंड, वर ५,२९० पर्यंत गाडी चालते, आणि त्याचे ब्रेक धक्क्यावर चालणारे असल्याने ट्रकमध्ये कंट्रोलर लागत नाही. वेग ५५ चा पाळायचा, एवढंच.

विकत घेणाऱ्यांनी आणखी एक खर्च धरा. मिशिगनमध्ये ट्रेलरची नंबरप्लेट कायमची मिळते, पैसे एकदाच, ते छान आहे. पण आमच्या सोसायटीत घरासमोर ट्रेलर उभा करायला मनाई. तो शहराबाहेर एका कुंपणातल्या जागेत ठेवतो, महिन्याला सत्तर डॉलर, आणि बर्फ पडला की फाटक उघडायचं काम आपलंच.