लाईट आली की नेटवर्कवरून गायब होणारा प्रिंटर: इंक टँक वायफाय प्रिंटरचा वापरानंतरचा अनुभव

छपाईबद्दल माझी काहीच तक्रार नाही. हे आधीच सांगते, कारण पुढचं बरंचसं रागाचं आहे.

वडगाव बुद्रुकला घरीच मी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सराव प्रश्नपत्रिका छापायला पावसाळ्याच्या आधी हा प्रिंटर घेतला. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला पानाला दोन रुपये घेतो. इथे अप्पा बळवंत चौकातून आणलेला कागद आणि शाई धरूनही पान रुपयाच्या आत पडतं. भूमितीच्या आकृत्यांच्या रेघा सुबक येतात, वर्तुळ अंडाकृती दिसत नाही. बाकीची वैशिष्ट्यं सगळ्यांना माहीत आहेत, ती परत लिहीत नाही.

मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते. परत आली की टीव्ही, फोन, लॅपटॉप सगळं आपोआप जोडलं जातं. हा प्रिंटर जोडला जात नाही. त्याचा वायफायचा निळा दिवा मात्र स्थिर जळत राहतो. लॅपटॉपवर 'ऑफलाइन', प्रिंटरवर निळा दिवा, आणि हॉलमध्ये वह्या उघडून बसलेली मुलं.

कंपनीच्या सर्व्हिसचा माणूस आला. त्याने दोन बटणं दाबली आणि निकाल दिला, "मॅडम, वायफाय कार्ड गेलंय. बोर्डच बदलावा लागेल. साडेचार हजार."

"वॉरंटीत आहे की अजून."

"व्होल्टेजने गेलेलं वॉरंटीत बसत नाही, मॅडम."

"व्होल्टेजनेच गेलं, हे तुम्ही झाकण न उघडता कशावरून ठरवलंत? आणि कार्ड गेलंय तर दिवा स्थिर कसा?"

या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मी बोर्ड बदलू दिला नाही. नुसतं येऊन गेल्याचे पैसेही मागितले, तेही दिले नाहीत. त्यावरून कस्टमर केअरशी फोनवर बरीच वादावादी झाली, पण पैसे दिले नाहीत ते नाहीतच.

तो गेल्यावर मी प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कच्या माहितीचं पान छापलं. तुमच्याकडे अशी अडचण असेल तर सगळ्यात आधी हेच करा, फक्त एक कागद लागतो. माझ्या पानावर होतं: आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा उपकरणाचा पत्ता) १६९.२५४.८७.१२, सबनेट मास्क २५५.२५५.०.०, गेटवे ०.०.०.०. पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला, की कार्ड गेलंय असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. वायफाय जुळलंय, पासवर्ड बरोबर आहे. फक्त राऊटरने पत्ता दिलेला नाही, म्हणून उपकरणाने स्वतःच एक तात्पुरता पत्ता घेतला आहे. घरातली बाकीची उपकरणं १९२.१६८.१ च्या पत्त्यांवर असतात, त्यांना हा दिसणारच नाही.

पत्ता मिळायची रीत साधी आहे. उपकरण नेटवर्कवर हाक मारतं, 'पत्ता देणारं कोणी आहे का?' राऊटर म्हणतो, 'हा घे.' उपकरण म्हणतं, 'चालेल, हाच हवा.' राऊटर म्हणतो, 'दिला.' याला डीएचसीपी म्हणतात. पाहुण्याच्या गाडीला वॉचमनने ठरावीक वेळेपुरती जागा नेमून द्यावी, तसा हा पत्ता मुदतीचा असतो. निम्मी मुदत सरली की उपकरणाने तो वाढवून मागायचा असतो.

आमच्या घरात इंटरनेटचा फायबरचा डबा हॉलमध्ये आहे आणि शिकवणीच्या खोलीत वायफायसाठी दुसरा राऊटर आहे. तो ॲक्सेस पॉइंट म्हणून लावलाय, म्हणजे त्याचं स्वतःचं डीएचसीपी बंद, आणि पत्ते देतो तो हॉलमधला डबाच. (दोन्हीकडे डीएचसीपी चालू राहिलं तर निम्मी उपकरणं भलत्याच पत्त्यांवर जातात. पुष्कळ घरांत घोळ तिथेच असतो, ते आधी बघून घ्या.) लाईट आली की खोलीतला राऊटर पटकन उठतो. फायबरच्या डब्याला सुरू व्हायला काही मिनिटं लागतात. प्रिंटर खोलीतल्या वायफायला जोडला जातो, हाका मारतो, पण उत्तर देणारा अजून उठलेलाच नसतो. मग तो १६९ चा पत्ता घेऊन बसतो, तो कायमचा.

हे 'कायमचा' मला अजिबात पटत नाही. विंडोजचा लॅपटॉपही अशा वेळी १६९ चाच पत्ता घेतो, पण दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारतो आणि डबा उठला की सुधारतो. डीएचसीपीचा नियम १९९७ पासून आरएफसी २१३१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात लिहून ठेवलेला आहे. उत्तर आलं नाही तर साधारण चार सेकंदांनी पुन्हा विचारा, मग आठ, असं दुप्पट करत चौसष्ट सेकंदांपर्यंत जा, असं त्यात उदाहरण देऊन सांगितलंय. चौदा हजारांच्या यंत्राला दर पाच मिनिटांनी एक हाक मारता येऊ नये? त्यासाठी ना शाई लागते ना कागद. प्रिंटरचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने चार ओळी जास्त लिहायला हव्या होत्या, एवढंच.

उपाय म्हणून तपकीर गल्लीतून राऊटरसाठीचा बारा व्होल्टचा छोटा यूपीएस आणला आणि फायबरच्या डब्याला लावला. आता लाईट गेली तरी डबा चालूच राहतो, आणि आल्यावर प्रिंटरला पहिल्याच हाकेला उत्तर मिळतं. यूपीएस घेण्याआधी डब्याच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. काही डबे बारा व्होल्टचे नसतात.

इथपर्यंतचं दिवाळीच्या सुट्टीत लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी 'हा प्रिंटर घेऊ नका' असं होतं. ते वाक्य मी काढलंय. कारण सुट्टी संपल्यावर पुन्हा तेच झालं, आणि या वेळी लाईट गेलेली नव्हती.

रविवारी बंद ठेवलेला प्रिंटर सोमवारी संध्याकाळी सुरू केला, तर पानावर पुन्हा १६९. मग फायबरच्या डब्याचं सेटिंग उघडलं. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकून आत जायचं, पासवर्ड बहुतेक डब्याच्या खालच्या स्टिकरवर असतो. तिथे पत्त्यांची (म्हणजे पत्त्यातल्या शेवटच्या आकड्याची) हद्द १०० ते ११९ ठेवलेली होती. म्हणजे सगळे मिळून वीस पत्ते, आणि मुदत चोवीस तासांची! इंटरनेटचं कनेक्शन देणाऱ्याच्या माणसाने ते तसं का ठेवलं, हे त्यालाही सांगता आलं नाही. उत्तरपत्रिकांचे फोटो पाठवायला मुलांना वायफाय दिलेलं आहे. दोन बॅचेसचे फोन, घरातले फोन, टीव्ही, लॅपटॉप, एवढ्यात वीस पत्ते संपतात. पोरं साडेसातला घरी जातात, पण त्यांच्या फोनला दिलेले पत्ते दुसऱ्या दिवसापर्यंत अडकून राहतात. प्रिंटर बंद असताना त्याच्या पत्त्याची मुदत संपली, तो पत्ता दुसऱ्या कुणाला गेला, आणि प्रिंटरला द्यायला काही उरलं नाही.

हा दोष प्रिंटरचा नव्हे, हे मान्य करायलाच हवं. तरी राग अर्धाच गेला. आधीच्या दिवशी दिलेला एखादा पत्ता मुदत संपून रात्री कधीतरी मोकळा झाला असेल, पण मंगळवारी सकाळीही प्रिंटर १६९ वरच होता.

मग पक्का बंदोबस्त केला. हद्द १०० ते १९९ केली, मुदत दोन तासांवर आणली. आणि प्रिंटरला हाताने पत्ता दिला: १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.१.१. हाताने दिलेला पत्ता वाटपाच्या हद्दीबाहेरचाच हवा, नाहीतर तोच पत्ता डबा एखाद्या फोनला देऊन बसेल. राऊटरमध्ये मॅक ॲड्रेसवरून (उपकरणाच्या कायमच्या ओळख क्रमांकावरून) पत्ता राखून ठेवायचीही सोय असते. ती चांगलीच आहे, पण त्यात उपकरणाला मागावं तरी लागतंच. मागायचं सोडून देणाऱ्या यंत्राला तिचा उपयोग नाही. शेवटी लॅपटॉपवरून जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने पुन्हा जोडला. हे विसरू नका, नाहीतर लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर शोधत राहतो.

तेव्हापासून एकदाही 'ऑफलाइन' आलेलं नाही. गुरुवारी सकाळी लाईट गेली, दुपारी आली, संध्याकाळी त्रिकोणमितीची प्रश्नपत्रिका दोन्ही बाजूंनी छापून तयार. शाईची काळी बाटलीही मला वाटलं होतं त्याहून जास्त चालली. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत दुसरी घ्यावी लागेलसं दिसत नाही.

कंपनीला ईमेलने कळवलंय, की पत्ता मिळाला नाही तर पुन्हा विचारत राहण्याची सोय फर्मवेअरमध्ये (प्रिंटरच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये) घाला, आणि पत्ता नसेल तर निळा दिवा स्थिर ठेवू नका, लुकलुकू द्या. 'आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे' एवढं उत्तर आलं. मी दर महिन्याला पुन्हा लिहिते आहे.

पाचापैकी साडेतीन. अर्धा कापला तो निळ्या दिव्याबद्दल, आणि एक त्या साडेचार हजारांच्या बोर्डाबद्दल. घरात एकच राऊटर असेल आणि लाईट फारशी जात नसेल तर बिनधास्त घ्या. दोन डबे असतील तर घेतल्या दिवशीच पत्ता हाताने द्या, आणि खोक्यातली यूएसबी केबल माळ्यावर टाकू नका, हाताशी ठेवा.