शिक्षणशास्त्राची पदवी नसताना शिक्षक व्हायचंय: आधी प्रशिक्षण की थेट वर्ग?

पदवी गणिताची किंवा इतिहासाची आहे आणि आता शिकवायचंय, तर बऱ्याच देशांत दोन वाटा खुल्या असतात. एक-दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, नाहीतर पगारी नोकरी करता करता प्रशिक्षण.

पहिल्या वाटेत बहुतेकदा फी भरावी लागते आणि तेवढा काळ कमाई नसते. त्या बदल्यात चुकायची मोकळीक मिळते. इंग्लंडमध्ये अशा प्रशिक्षणार्थींना किमान 120 दिवस शाळांमध्ये काढावे लागतात. अपूर्णांकांची बेरीज शिकवताना निम्मा वर्ग छेदांचीही बेरीज करून मोकळा होतो, तेव्हा मागे बसलेला अनुभवी शिक्षक तास संपल्यावर सांगतो, की पुढचा प्रश्न कोणता विचारायला हवा होता. हे फार मोलाचं आहे. विषय येणं वेगळं आणि मुलाची चूक कुठून आली हे ओळखणं वेगळं.

दुसऱ्या वाटेवर पगार लगेच सुरू होतो. अमेरिकेत 'टीच फॉर अमेरिका' 1990 पासून पदवीधरांना थोडक्या तयारीनंतर दोन वर्षांसाठी वर्गात पाठवते. घर चालवणाऱ्यांना हीच वाट परवडते. पण दिवसभर तास, संध्याकाळी वह्या आणि रात्री स्वतःचा अभ्यास! सगळी भिस्त मार्गदर्शकावर. म्हणून मुलाखतीतच विचारा, मार्गदर्शक आठवड्यातून किती तास वर्गात येऊन बसेल? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरी शाळा शोधा.

पैशाची सोय होत असेल तर मी पहिलीच वाट सुचवेन. मात्र मिळणारा परवाना दुसऱ्या राज्यात किंवा देशात चालतो का, हे दोन्हीकडे आधी तपासा.