हाईज सॉल्व्हर: कुठे निर्धास्त वापरावा, कुठे आकडे तपासावेत

कोणत्या गोदामातून कुठे किती माल पाठवायचा, पशुखाद्यात कोणता घटक किती घालायचा, कोणत्या तासाला कोणता वीजसंच चालवायचा, असे हिशेब ज्यांच्या रोजच्या कामात येतात त्यांनी महागड्या सॉल्व्हरचं, म्हणजे दिलेल्या अटी पाळून सर्वांत चांगली योजना शोधणाऱ्या प्रोग्रॅमचं, कोटेशन मागवण्याआधी हाईज (HiGHS) हा सॉल्व्हर वापरून पाहावा. एमआयटी परवान्याखाली तो मोफत आहे आणि व्यावसायिक कामातही बिनदिक्कत वापरता येतो. शुद्ध लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी, म्हणजे खर्च आणि अटी साध्या पटींच्या बेरजेत मांडता येत असतील आणि सगळे चल (ठरवायचे आकडे) अपूर्णांकात चालत असतील तिथे, मोफत सॉल्व्हरमध्ये पहिली पसंती यालाच द्यावी. पूर्णांक चल आले की मात्र वापरणाऱ्यालाही थोडं काम करावं लागतं. ते काम कोणतं, हे खाली सविस्तर येईलच.

आधी हा कुठून आला ते पाहू, कारण त्याची ताकद आणि मर्यादा दोन्हींचं मूळ तिथेच आहे. एडिंबरा विद्यापीठाच्या गणित विभागातले ज्युलियन हॉल १९९०च्या दशकापासून एकाच प्रश्नामागे लागले आहेत: सिम्प्लेक्स पद्धत, म्हणजे लिनिअर मॉडेल सोडवण्याची मूळ पद्धत, संगणकावर प्रत्यक्षात वेगाने कशी चालवायची? सिम्प्लेक्सच्या प्रत्येक फेरीत बेसिस मॅट्रिक्स (त्या घडीच्या उत्तरात धरलेल्या चलांच्या गुणकांचा तक्ता) घेऊन काही समीकरणसंच सोडवावे लागतात. उत्तरात हजारो घटक असतात, पण पुष्कळ मॉडेलांमध्ये त्यातले मोजकेच शून्याहून वेगळे निघतात. साधा कोड तरीही सगळ्या शून्यांवरून फिरतो आणि वेळ तिथेच जातो. कोणते घटक शून्य नसतील हे आधी ओळखून तेवढ्यांनाच हात लावायचा, ही युक्ती हॉल आणि केन मॅकिनन यांनी २००५च्या शोधनिबंधात नीट बसवून दाखवली. पुढे हॉल यांचे विद्यार्थी ची हुआंगफू यांनी ड्युअल सिम्प्लेक्सचा, म्हणजे सिम्प्लेक्सच्याच एका प्रकाराचा, नवा कोड लिहिला. बेसिस अद्ययावत करण्याच्या पद्धतींवर २०१५ मध्ये आणि समांतर (एकाच वेळी अनेक कोरवर चालणाऱ्या) ड्युअल सिम्प्लेक्सवर २०१८ मध्ये या दोघांचे निबंध आले. हाईजचा गाभा म्हणजे हाच कोड. त्याभोवती इव्हेट गॅलाबोव्हा यांनी प्रीसॉल्व्ह (सोडवण्याआधी मॉडेल लहान करणं), लुकास शोर्क यांनी इंटिरिअर पॉइंट (सिम्प्लेक्सला पर्यायी पद्धत), लिओना गॉटवाल्ड यांनी पूर्णांकाचा आणि मायकेल फेल्डमायर यांनी क्वाड्रॅटिकचा (उद्दिष्टात चलांचे वर्ग असलेल्या मॉडेलांचा) भाग उभा केला.

विद्यापीठात मोजदाद होते ती निबंधांची. कोड दुरुस्त करणं, लोकांनी पाठवलेल्या बिघडलेल्या फायली तपासणं, आवृत्त्या काढत राहणं या कामाचे गुण सहसा मिळत नाहीत. हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वर्षानुवर्षं केलं आहे आणि त्याचा लाभ आज असंख्य लोक नकळत घेत आहेत. पायथन भाषेच्या सायपाय या गणिती संचातलं लिनप्रोग हे लिनिअर मॉडेल सोडवणारं फंक्शन १.९ आवृत्तीपासून मुळातच हाईज वापरतं, जुन्या पद्धती १.११ मध्ये काढूनच टाकल्या. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरच्या ऑप्टिमायझेशन टूलबॉक्सनेही २०२४ मध्ये हाच सॉल्व्हर आत घेतला.

यातल्या इंटिरिअर पॉइंट भागाची वंशावळ मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. मुंबई आयआयटीतून १९७८ मध्ये बाहेर पडलेले नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना आपली पद्धत मांडली. सिम्प्लेक्स कडेकडेने एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो, ही पद्धत क्षेत्राच्या आतून वाट काढते. आजच्या इंटिरिअर पॉइंट पद्धतींचा प्रवाह तिथून सुरू झाला.

आता प्रत्यक्ष वापर. एक्सेलमधल्या अंगभूत सॉल्व्हरला २०० निर्णय-चलांची मर्यादा आहे. १० गोदामं आणि २१ गावं घेतली की २१० चल होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. हाईजला अशी मर्यादा नाही, तुमची मेमरी आणि वेळ हीच काय ती हद्द. पायथन असेल तर पिप या त्याच्या इन्स्टॉलरने हायस्पाय (highspy, हाईजचं पायथन पॅकेज) बसवा, बाकी काही लागत नाही. मॉडेल लिहिण्यासाठी पायथनमधलं पल्प, पायोमो किंवा ज्युलिया भाषेतलं जंप वापरत असाल तर मॉडेल तसंच ठेवून सॉल्व्हरचं नाव तेवढं बदला. पल्पमध्ये नाव दिलं नाही तर सीबीसी हा दुसराच मोफत सॉल्व्हर चालतो, आणि हाईज चालतोय अशा समजुतीत माणूस सीबीसीच्या वेगाबद्दल तक्रार करत राहतो. लॉगची, म्हणजे सॉल्व्हर चालताना छापत जाणाऱ्या नोंदींची, पहिली ओळ वाचा, त्यात सॉल्व्हरचं नाव आणि आवृत्ती असते.

त्या लॉगमध्ये सुरुवातीलाच गुणकांच्या पट्ट्याचा एक छोटा तक्ता येतो: मॅट्रिक्स, खर्च, मर्यादा आणि उजवी बाजू, प्रत्येकातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा. बहुतेक लोक तो न वाचताच खाली जातात. खरं तर मॉडेलचं निम्मं दुखणं तिथेच कळतं. मॅट्रिक्समध्ये एका टोकाला ०.००००१ आणि दुसऱ्या टोकाला १,००,००,००० असेल तर किलो आणि टन, रुपये आणि कोटी एकाच मॉडेलमध्ये मिसळले आहेत असं खुशाल समजा. सगळं वजन टनात आणि सगळा पैसा हजारात आणा. मोठे आकडे १०,०००च्या आसपास किंवा खाली राहतील एवढं पाहिलं तरी सॉल्व्हरचं वागणं सुधारतं. आकडे फारच मोठे असतील तर अलीकडच्या आवृत्त्या स्वतःच तसा इशारा देतात.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो मोठ्या एम पाशी. गोदाम उघडायचं की नाही यासाठी ० किंवा १ असा चल घेतला जातो आणि अट लिहिली जाते: गोदामातून निघणारा माल हा एम गुणिले तो चल यापेक्षा जास्त नको. एम किती ठेवायचा हे सुचत नाही म्हणून लोक एक कोटी ठेवतात. इथे हाईजची सहनमर्यादा आडवी येते. पूर्णांक चल ०.०००००१ इतका चुकला तरी सॉल्व्हर त्याला शून्यच मानतो. एक कोटी गुणिले ०.०००००१ म्हणजे १०. गोदाम बंद दाखवलेलं असतं आणि त्यातून १० पोती बाहेर पडतात, भाडं मात्र जवळपास शून्य लागतं. उत्तरावर 'ऑप्टिमल' असा शिक्का असतो, त्यामुळे कुणी शंकाही घेत नाही. उपाय सोपा आहे: एम म्हणजे त्या गोदामाची खरी क्षमता किंवा त्याच्या वाट्याला येऊ शकणारी एकूण मागणी, दोन्हींपैकी जी कमी असेल ती. क्षमता ४,००० पोती असेल तर गळती ०.००४ पोत्यावर येते. शिवाय एम घट्ट झाला की रिलॅक्सेशन (पूर्णांकाची अट सोडून काढलेलं उत्तर) खऱ्या उत्तराच्या जवळ येतं आणि शोध लक्षणीय कमी होतो. 'हाईज हळू आहे' म्हणणाऱ्या मॉडेलात आधी एम तपासा.

दुसरी सवय म्हणजे गॅप ठरवणं, म्हणजे हातातलं उत्तर आणि याहून चांगलं उत्तर शक्यच नाही अशी सिद्ध झालेली सीमा यांच्यात किती अंतर चालेल ते सांगणं. पूर्णांक मॉडेलमध्ये हाईज मुळात ०.०१ टक्का सापेक्ष गॅपवर थांबतो. एकूण खर्च ५ कोटी रुपये असेल तर हा फरक ५,००० रुपयांचा झाला. मागणीचे अंदाजच ५ टक्क्यांनी चुकणार असतील तर त्या ५,००० रुपयांसाठी रात्रभर यंत्र तापवण्यात अर्थ नाही. गॅप १ टक्का ठेवा आणि जोडीला वेळमर्यादाही द्या. लॉगमध्ये एका स्तंभात आतापर्यंतचं सर्वोत्तम उत्तर आणि शेजारी सीमा दिसते. उत्तर बराच वेळ हललं नाही आणि सीमाच मुंगीच्या पावलांनी सरकत असेल, तर योजना बहुधा हातात आलेली असते, उरलेला वेळ ती सिद्ध करण्यात जातो. उलट उत्तरच सापडत नसेल तर अटी सैल कराव्या लागतील किंवा एखादी जुनी, चालून गेलेली योजना सुरुवातीचं उत्तर म्हणून द्यावी लागेल. ही सोय आहे, वापरा.

मॉडेल 'इन्फीझिबल', म्हणजे सगळ्या अटी एकत्र पाळणं अशक्य, असं निघालं तर घाबरून अटी एकेक करून काढू नका. प्रत्येक संशयित अटीत एक तुटीचा चल घाला, त्याला जबर दंड लावा आणि पुन्हा सोडवा. कोणत्या गावाची मागणी कितीने अपुरी पडते हे आकड्यासकट समोर येतं आणि व्यवस्थापकाला दाखवायलाही तेच उपयोगी पडतं.

समांतर धावण्याबद्दल अपेक्षा बेताच्या ठेवा. १६ कोरचं यंत्र घेतलं म्हणून पूर्णांक मॉडेल १६ पट वेगाने सुटणार नाही. १.७ ते १.९ या आवृत्त्यांत पूर्णांक भागातलं समांतर काम सममिती (अदलाबदल केली तरी फरक न पडणारे चल) शोधण्यासारख्या थोड्या ठिकाणीच आहे. व्यावसायिक सॉल्व्हर इथे स्पष्टपणे पुढे आहेत आणि मोठ्या, अवघड पूर्णांक मॉडेलवर तो फरक जाणवतो. त्याच रोजच्या मॉडेलवर पैसे अवलंबून असतील तर व्यावसायिक परवान्याचा विचार जरूर करावा. निर्णयाआधी मॉडेल एमपीएस फाइलमध्ये (बहुतेक सॉल्व्हर वाचतात त्या स्वरूपात) लिहून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात चालणाऱ्या निऑस सर्व्हरवर वेगवेगळ्या सॉल्व्हरना देऊन पाहता येतं. फाइलमधल्या चलांच्या नावांत ग्राहकांची नावं राहू देऊ नका.

मोठ्या शुद्ध लिनिअर मॉडेलवर, विशेषतः वर्षाच्या ८,७६० तासांच्या वीज-नियोजनावर, इंटिरिअर पॉइंट निवडून पाहा. इथे एक अडचण येते: मुख्य पद्धत लवकर संपते आणि त्यानंतरचं क्रॉसओव्हर तासन्‌तास चालतं. क्रॉसओव्हर हे उत्तर कोपऱ्यावर आणून ठेवण्यासाठी असतं. एकूण खर्च आणि ढोबळ आकडे पुरेसे असतील तर ते बंद करा. पुन्हा पुन्हा थोडा बदल करून सोडवायचं असेल तर चालू ठेवा, कारण त्या कोपऱ्यावर मिळालेल्या बेसिसवरून सिम्प्लेक्स पुढची धाव फार थोड्या फेऱ्यांत पूर्ण करतो. त्यासाठी हायस्पायमध्ये एकच मॉडेल जिवंत ठेवून त्यातले आकडे बदला. दर वेळी फाइल लिहून नव्याने वाचली तर ही सगळी कमाई वाया जाते. पीडीएलपी या तिसऱ्या पद्धतीचा पर्यायही आहे, पण त्याचं उत्तर ढोबळ अचूकतेचं असतं.

क्वाड्रॅटिक उद्दिष्ट चालतं, पण बहिर्वक्र (convex, वाटीसारखं एकाच तळाचं) नसेल तर नाही, आणि त्यात पूर्णांक मिसळले तरी नाही. तशी गरज असेल तर बर्लिनच्या झूझे इन्स्टिट्यूटचा स्किप (SCIP) हा सॉल्व्हर पाहा, २०२२ पासून तोही अपाची परवान्याखाली मोफत आहे. शिफ्टचं रोस्टर किंवा वेळापत्रक असेल, म्हणजे जवळपास सगळेच चल ० आणि १ असतील, तर गुगलच्या ओआर-टूल्स या मोफत संचातला सीपी-सॅट हा सॉल्व्हर बऱ्याचदा हाईजपेक्षा लवकर पोचतो. छाया-किंमती (एखादी अट एका एककाने सैल केली तर खर्च किती बदलेल ते आकडे) हव्या असतील तर लक्षात घ्या, पूर्णांक मॉडेलमधून त्या मिळत नाहीत. पूर्णांक चल मिळालेल्या उत्तरावर गोठवा, उरलेलं लिनिअर मॉडेल पुन्हा सोडवा आणि त्या किंमती 'उघडी गोदामं हीच राहिली तर' एवढ्याच अर्थाने वाचा.

कार्यालयात बसवताना आवृत्तीचा क्रमांक पक्का बांधून ठेवा. वाहतुकीच्या मॉडेलांत सारख्याच खर्चाच्या अनेक योजना असतात. नव्या आवृत्तीत खर्च रुपयाने न बदलता गाड्यांचे मार्ग बदललेले दिसतात आणि चालकांपासून गोदाम-प्रमुखापर्यंत सगळे कारण विचारतात. आवृत्ती बदलायचीच असेल तर जुन्या योजनेपासून दूर जाण्यावर छोटासा दंड उद्दिष्टात घाला, म्हणजे खर्च तेवढाच असेल तेव्हा सॉल्व्हर जुनेच मार्ग उचलेल.