धुरकट हेडलाइट: नुसती चमकवायची, कोट मारायचा, की दिवाच बदलायचा?

काहीही विकत घेण्याआधी दिव्यावर एक मग पाणी ओता. ओल्या काचेतून आतला रिफ्लेक्टर लख्ख दिसला आणि पाणी वाळताच पुन्हा दुधाळ पडदा आला, तर खराबी बाहेरच्या अंगाला आहे. खरखरीत झालेल्या पृष्ठभागातले खड्डे पाण्याने तात्पुरते भरले, एवढाच त्याचा अर्थ. अशी काच घासून सुधारते. ओली असतानाही ती तितकीच धूसर राहिली, तर आत वाफ किंवा धूळ बसलेली असते, नाहीतर प्लास्टिकच्या अंगात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा गेलेल्या असतात. भेगा खोल असतील तर सँडपेपर कितीही घासा, त्या जात नाहीत. तिथे पुढची तुलना वाचण्याची गरज नाही, दिवा बदला.

आपण सवयीने काच म्हणतो, पण ते पॉलीकार्बोनेट नावाचं प्लास्टिक असतं. दगड लागला तरी सहसा फुटत नाही, मात्र पृष्ठभाग मऊ आणि उन्हातले अतिनील किरण त्याला अजिबात सोसत नाहीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक पातळ, टणक, पारदर्शक थर चढवलेला असतो. दिवा पिवळा पडतो तेव्हा आधी हा थर मरतो, सोलवटतो, आणि मग खालच्या प्लास्टिकची पाळी येते. घासणं म्हणजे हा उरलासुरला थर काढून टाकणं. म्हणून कुठलाही उपाय तोलताना मी एकच विचारतो: घासल्यावर वर काय चढवणार?

या कसोटीला टूथपेस्ट पहिल्याच फेरीत बाद होते. तिच्यात सौम्य घासणारी पूड असते, त्यामुळे वरवरचा मळकटपणा जातो आणि 'आधी-नंतर'चे फोटो झकास येतात. वर चढत मात्र काहीच नाही. नुसत्या रबिंग कंपाउंडची, म्हणजे घासून चमक आणणाऱ्या पेस्टचीही तीच कथा, फक्त चमक जरा जास्त. उद्या गाडी विकायची असेल तर ठीक. डास पळवणाऱ्या स्प्रेचा जो जुगाड सांगितला जातो, तो तर करूच नका. त्यातलं रसायन प्लास्टिकचा वरचा थर विरघळवून पसरवतं, म्हणून क्षणभर चकाकी येते. नंतर तिथेच चिकटपणा आणि भेगा. रसायन तापवून त्याची वाफ देण्याचे प्रकारही चालतात. निकाल दिसायला जादूसारखा असतो, पण ती वाफ फुप्फुसांसाठी वाईट, आणि वरच्या संरक्षणाचा प्रश्न सुटत नाही तो नाहीच.

आता दुसरं टोक, दिवा बदलणं. २०१८ साली अमेरिकेतल्या ट्रिपल ए या मोटारचालकांच्या संस्थेने जुन्या दिव्यांची मापं घेतली. पार खराब झालेले दिवे लो बीमवर नव्याच्या तुलनेत जेमतेम २२ टक्के उजेड देत होते. घासून पुन्हा चमकवल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला. गाडीच्या कंपनीचा मूळ दिवा बसवल्यावर पूर्ण १००, आणि बाहेरच्या उत्पादकांच्या दिव्यांनी ८३ ते ९० टक्के दिला, पण उजेडाचा झोत नेमका पाडण्यात ते जास्त वेळा नापास झाले. माझ्या मते स्वस्त बदली दिव्याची खरी अडचण हीच. दिसायला कोराकरकरीत, आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत.

तुम्ही रोज रात्री अंधाऱ्या रस्त्याने लांब जात असाल, दिवा साधा बल्बवाला असेल आणि मूळ भाग सहज मिळत असेल, तर फार विचार करू नका, बदला. एलईडीचा किंवा वळणानुसार झोत फिरवणारा दिवा असेल तर हिशेब उलटतो. तो अख्खा संच महाग, काढायला बहुधा पुढचा बंपर उतरवावा लागतो, आणि काही गाड्यांत नंतर सेटिंगही करावं लागतं. अशा दिव्यासाठी काळजीपूर्वक घासण्यात घालवलेली दुपार वसूल होते.

घासायचं ठरलं की दोन वाटा फुटतात, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते.

पहिली वाट पॉलिशची. भोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन पदर लावा, पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाका, आणि ८०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायचा सँडपेपर; नंबर जितका मोठा तितका बारीक) सुरुवात करा. धूसरपणा हलका असेल तर १००० पासूनच. सुरुवातीला पिवळसर चिखल निघतो. तो जुना मेलेला थर. पाणी दुधासारखं पांढरं येऊ लागलं की खालचं प्लास्टिक लागलं. मग १०००, २०००, ३०००. एक नंबर आडवा घासला तर पुढचा उभा घासा. म्हणजे आडव्या रेघा पूर्ण गेल्या का, ते डोळ्याला कळतं. मी पहिल्या खेपेला कंटाळून ८०० वरून थेट २००० वर उडी मारली होती. दिवसा दिवे सुरेख दिसले. रात्री लावले, तर उजेडात प्रत्येक ओरखडा मोजता येत होता. सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी कंपाउंड, हाताने किंवा मशीनने. मशीन एका जागी धरू नका, पॉलीकार्बोनेट तापून खराब होतं.

यानंतर वर काय? मेण लावाल तर ते दर महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागेल, आणि आपण लावणार नाही, हे आपल्यालाही माहीत असतं. कपड्याने पुसून लावायचं अतिनीलरोधक कोटिंग त्याहून बरंच टिकतं आणि लावायला सोपं असतं. घराबाहेर, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीला मी त्याच्याकडून वर्षभरापेक्षा जास्त अपेक्षा ठेवणार नाही. पारदर्शक फिल्म हाही पर्याय आहे आणि ती खडेही झेलते, पण दिव्याच्या गोलाईवर सुरकुती न पडता बसवायला हात बसलेला लागतो.

दुसरी वाट टू-के क्लिअर कोटची, म्हणजे डब्यातच हार्डनर असलेल्या लॅकरची. इथे पॉलिश करायचंच नाही. साधारण ८०० ते १००० नंबरवर, किंवा डब्यावर जो आकडा दिला असेल तिथे थांबायचं. दिवा तेव्हा दुधाळ दिसतो आणि आपण वाट लावली असं वाटतं. घाबरू नका, त्या बारीक रेघांनाच कोट पकड घेतो आणि त्या भरूनही काढतो. आरशासारख्या गुळगुळीत प्लास्टिकवर फवारला तर पुढे सोलून निघण्याची भीती. मेहनत करून ३००० पर्यंत घासणारे नेमके इथे फसतात. फवारण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर आणि ॲसिटोन दूर ठेवा, त्यांनी पॉलीकार्बोनेटला भेगा जातात. पहिला हात धुक्यासारखा हलका, जरा थांबून मग ओला हात.

टिकण्याच्या बाबतीत ही वाट पहिलीच्या बरीच पुढे आहे. बदल्यात चुकीला माफी कमी. ओघळ आला, धूळ किंवा चिलट बसलं, तर पुन्हा घासा. शिवाय टू-केमध्ये आयसोसायनेट असतात आणि त्यांनी दम्याचा कायमचा त्रास जडू शकतो. मोकळी हवा हवीच, तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क चालणार नाही. फवाऱ्यासाठी योग्य मास्क मिळत नसेल तर पहिली वाट धरा, किंवा काम गॅरेजला द्या.

गॅरेजला देताना 'पॉलिश करून देता का' असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. घासल्यावर कोणता कोट मारता आणि किती दिवसांची हमी देता, हे विचारा. 'कोट कशाला, चमकतंय की' असं उत्तर आलं तर गाडी वळवा.

स्वतः टू-के मारणार असाल तर एक लक्षात ठेवा. डब्याच्या बुडातली कळ दाबून हार्डनर आत सोडला की लॅकर डब्यातच घट्ट होऊ लागतो, आणि एक-दोन दिवसांत उरलेला माल वाया. म्हणून कळ दाबण्याआधी दोन्ही दिवे घासून, पुसून, टेप लावून तयार ठेवा. शेजाऱ्यांच्या गाडीचे दिवे पिवळे दिसत असतील तर त्यांना आदल्या दिवशीच सांगा, घासून आणा म्हणावं.