गिल्ड एफ-512: शिसवी पाठीची बारा तारांची गिटार

बारा तारांची गिटार घेताना लाकडाच्या आधी मान बघावी. 10 ते 47 जाडीचा (इंचाच्या हजाराव्या भागांत) संच नेहमीच्या सुरात लावला की तारांची एकूण ओढ 110 किलोच्या पुढे जाते. सहा तारांच्या गिटारवर ती साधारण 75 किलो असते. त्यामुळे एफ-512च्या मानेत गिल्ड या अमेरिकन कंपनीने दोन ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक कमी-जास्त करणाऱ्या धातूच्या सळ्या, घातलेत. जाड आणि बारीक तारांच्या बाजूचा बाक वेगवेगळा सुधारता येतो. मात्र एका वेळी पाव फेराच, आणि मग तासभर थांबून पुन्हा मोजायचं. घाईत एकाच रॉडला पिळत बसलं तर मानेला पीळ पडायचा.

पाठ आणि बाजू ज्या लाकडाच्या आहेत ते आपल्याला नवं नाही. देव्हाऱ्यात, पाटात दिसणारी हीच ती दक्षिण भारतातली शिसव. 1960च्या दशकाच्या अखेरीस ब्राझीलने आपल्या रोजवुडचे (तिथल्या शिसवीचे) ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं आणि अमेरिकन कारखाने भारतीय शिसवीकडे वळले. वरची फळी सिटका स्प्रूसची. आवाजातला मोठा वाटा या फळीचा आणि तिच्या आतल्या पट्ट्यांचा असतो, दुकानदार कितीही शिसव-शिसव करोत. पाठीचं लाकूड तळाला रंग देतं: खर्ज भरीव आणि सूर विझायला वेळ. भाऊबंद असलेल्या एफ-412ला मेपलची कमानदार पाठ आहे. तिचा सूर लवकर आटोपतो, म्हणून बँडमध्ये ती जास्त स्वच्छ ऐकू येते. एकट्याने गाऊन वाजवणाऱ्याने 512च घ्यावी.

नट, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी, सुमारे 46 मिमी रुंद आहे. बोटं जाड असतील तर हे वरदान, पण बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरताना मनगट बोलतं. अंग 17 इंची जम्बो. बुटक्या माणसाला बसून वाजवताना उजवा खांदा उचलावाच लागतो. ही खरी अडचण आहे आणि सवयीने ती पूर्ण जात नाही.

तारांच्या जोड्यांपैकी खालच्या ई, ए, डी, जी या चार सप्तकाच्या (जोडीतली बारीक तार एक सप्तक वर), बी आणि वरची ई समसुरी. जीची बारीक तार फक्त 8 जाडीची, आणि सूर वरच्या ईच्याही वर. तुटते ती बहुधा हीच. दोन सुट्या तारा केसमध्ये असू द्या. ती सारखी नटपाशीच तुटत असेल तर तारेचा दोष नाही, खाच अडतेय. सगळ्या तारा एकदम काढू नका, जोडी-जोडीने बदला. अर्धा किंवा एक सूर उतरवून लावली आणि कॅपो (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारी पकड) चढवला तर फळीवरचा ताण बराच कमी होतो, आवाजात फारसं जात नाही. कॅपो मात्र बारा तारांसाठीचाच हवा, नाहीतर जोडीतली बारीक तार दबत नाही आणि झणझणते.

बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपैकी बाराव्या) जाड ईखाली 2.4 मिमी आणि बारीक ईखाली 1.8 मिमी ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, ठीक. पावसाळ्यात मुंबई-कोकणात फळी ओल पिऊन फुगते, ॲक्शन चढते. तेव्हा लगेच सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) घासायला देऊ नका, कारण डिसेंबरात तीच तार फ्रेटवर आपटेल. आधी केसमध्ये सिलिका जेल आणि आर्द्रतामापक ठेवून 45 ते 55 टक्क्यांवर आणा. विदर्भातल्या उन्हाळ्यात उलटं: मानेवरची एबनीची पट्टी आकसते, फ्रेटची टोकं हाताला बोचतात आणि फळीला चीर जायची भीती. तिथे ओलं ह्युमिडिफायर हवं. लॅकर नायट्रोसेल्युलोजचा आहे. रबरी स्टँडवर टेकवून ठेवली तर तिथला चकचकीतपणा चिकट होऊन जातो.

जुनी मिळत असेल तर ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून बघा. कागद आत गेला तर ब्रिज सुटू लागलाय. मग फ्रेटवर सरळ पट्टी ठेवा: ती ब्रिजच्या माथ्याला टेकायला हवी. त्याखाली जात असेल तर नेक रीसेटचा (मान काढून कोन सुधारून पुन्हा बसवण्याचा) खर्च किमतीतून वजा करूनच बोला.